एचआयव्हीबाधित मामांचे जुलाब थांबत नाहीत. शौच तपासणी मात्र ‘सामान्य’ आली आहे

वारणाकाठची यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. माझ्या मामांच्या संमतीने आणि त्यांची ओळख पटेल असा तपशील वगळून हा प्रश्न येथे मांडत आहे.

मामांचे वय ४६ आहे. सांगली जिल्ह्यातील एका खेड्यात त्यांची थोडी बागायत आणि चार दुभती जनावरे आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांना पातळ जुलाब सुरू झाले. गावातील डॉक्टरांनी आधी जंताची गोळी आणि नंतर मेट्रोनिडाझोल दिले. त्याने दोन-तीन दिवस बरे वाटे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दिवसातून सहा-आठ वेळा पाण्यासारखे शौचास होते, पोटात मुरडा येतो, परंतु रक्त किंवा शेम पडत नाही आणि तापही नाही. वजन ५८ किलोवरून ४७ किलोवर आले, तेव्हा त्यांना तालुक्याच्या ठिकाणी दाखवले. तेथे एचआयव्हीचे निदान झाले. सीडी-फोर पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशींची, संख्या ६२ आहे. गेल्या महिन्यापासून एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रातून रोजची एक गोळी आणि त्याबरोबर सेप्ट्रान सुरू केले आहे. सेप्ट्रान घेतल्यावर मळमळते आणि ती काही मुख्य औषधाची गोळी नाही, असे समजून मामांनी ती बाजूला ठेवलेली आहे. मुख्य गोळी मात्र ते नेमाने घेतात.

खासगी लॅबमध्ये शौचाची तपासणी केली. अहवालात ‘अंडी व पुटी आढळल्या नाहीत’ असे लिहिले आहे. यावरून आतड्यात परजीवी नाहीत असे धरून चालावे का? घरातील वडीलधारी माणसे म्हणतात की जुलाब एचआयव्हीच्या गोळीनेच होत आहेत, तेव्हा ती काही दिवस बंद ठेवावी. मामी घाबरून गेल्या आहेत. घरात दोन लहान मुले आहेत, शौचालय एकच आहे आणि पिण्याचे पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचे आहे. त्यांची काळजी कशी घ्यावी, हेही कळले तर उपकार होतील.

---

काचपट्टी यांचा प्रतिसाद

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या बाबतीत ‘सामान्य’ या शब्दावर विसंबून पुढचा शोध थांबवला जातो, हे मी वारंवार पाहते आणि प्रत्येक वेळी मला त्याचे वाईट वाटते. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

नेहमीच्या तपासणीत शौचाचा कण सलाइनच्या आणि आयोडीनच्या थेंबात मिसळून काचपट्टीवर पाहतात. त्यात गोल जंत आणि अंकुशकृमी यांची अंडी, जिआर्डिया आणि अमीबा यांच्या पुटी, म्हणजे परजीवींची कवचबंद रूपे, दिसतात. निरोगी माणसासाठी बहुधा तेवढे पुरते. परंतु सीडी-फोर २०० च्या, आणि विशेषतः १०० च्या खाली गेलेल्या रुग्णात दीर्घकाळ जुलाब घडवणारे परजीवी वेगळे असतात: क्रिप्टोस्पोरिडियम, सिस्टोआयसोस्पोरा, सायक्लोस्पोरा आणि मायक्रोस्पोरिडिया. यांतील क्रिप्टोस्पोरिडियमची पुटी अवघी ४ ते ६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), म्हणजे तांबड्या रक्तपेशीपेक्षाही लहान असते, आणि साध्या थेंबात ती यीस्टच्या पेशीसारखी दिसत असल्याने सहज नजरेआड होते. सिस्टोआयसोस्पोराची लंबगोल पुटी आकाराने बरीच मोठी असली तरी ती काचेसारखी पारदर्शक असते आणि अनेकदा फार थोड्या संख्येने बाहेर पडते, त्यामुळे मुद्दाम शोधल्याशिवाय तीही निसटते.

पहिल्या तिन्हींसाठी जी तपासणी करावी लागते तिला आमच्याकडे ‘मॉडिफाइड झेडएन’ म्हणतात. क्षयरोगाच्या थुंकी तपासणीत जो लाल रंग वापरतात तोच येथेही लागतो. फरक एवढाच की रंग उतरवण्यासाठी क्षयाच्या तपासणीइतके तीव्र आम्ल न वापरता सौम्य, साधारण १ टक्का गंधकाम्ल वापरावे लागते. नाहीतर पुटींचा रंगही धुऊन जातो. निळ्या किंवा हिरव्या पार्श्वभूमीवर या पुटी गुलाबी-लाल दिसतात. तपासणी महाग नाही, त्यासाठी मोठे यंत्रही लागत नाही. ती होत नाही याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: चिठ्ठीवर तिची मागणी लिहिलेली नसते आणि लॅबला रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण आहे हे ठाऊक नसते. तेव्हा डॉक्टरांना चिठ्ठीवर ‘मॉडिफाइड झेडएन, क्रिप्टो आणि आयसोस्पोरासाठी’ असे स्पष्ट लिहायला सांगा. एचआयव्हीचा उल्लेख नको असेल तर ‘प्रतिकारशक्ती कमी’ एवढे लिहिले तरी आम्हाला पुरते. आयसोस्पोरा हे सिस्टोआयसोस्पोराचेच जुने नाव असून लॅबमध्ये अजूनही तेच चालते.

दुसरी गोष्ट नमुन्याची. या पुटी रोज सारख्या प्रमाणात पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्यावेत. डबी कोरडी व रुंद तोंडाची असावी, त्यात लघवी किंवा शौचालयातील पाणी मिसळू देऊ नये, आणि नमुना शक्य तितक्या लवकर, एक-दोन तासांत पोहोचवावा. मायक्रोस्पोरिडियाचे बीजाणू जेमतेम १ ते २ मायक्रॉनचे असल्याने ते या रंगात खात्रीने ओळखता येत नाहीत. त्यासाठी ट्रायक्रोमची वेगळी पद्धत किंवा पीसीआर लागते आणि ती सोय वैद्यकीय महाविद्यालयांतच शोधावी लागेल. पहिल्या तीन नमुन्यांत काही मिळाले नाही तरच त्या वाटेने जावे.

हे परजीवी अशा रुग्णांतच इतके का माजतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. क्रिप्टोस्पोरिडियम निरोगी माणसालाही होतो, परंतु त्याचे जुलाब एक-दोन आठवड्यांत आपोआप थांबतात, कारण सीडी-फोर पेशींच्या नेतृत्वाखाली शरीर त्याला आतड्याच्या अस्तरातून हुसकावून लावते. एचआयव्ही संसर्गाच्या अगदी पहिल्या आठवड्यांतच आतड्याच्या भिंतीतील सीडी-फोर पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट करतो. रक्तातील आकडा घसरतो तो त्यानंतर, हळूहळू. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियमच्या काही पुटी पातळ कवचाच्या असतात. त्या शरीराबाहेर न पडता आतच फुटतात आणि त्याच रुग्णाला पुन्हा बाधित करतात. बाहेरून नवा संसर्ग न होताही महिनोन्महिने जुलाब चालू राहतात ते यामुळे. आतड्याच्या आतील बारीक रसांकुर झडून सपाट होतात, अन्नाचे शोषण घटते, आणि माणूस दोन वेळ जेवूनही खंगत जातो. १९८० च्या दशकात युगांडात या आजाराला लोकांनी ‘स्लिम’ हे नाव दिले होते ते या खंगण्यावरूनच.

---

शुश्रूषा यांचा प्रतिसाद

मी एआरटी केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले आहे. रुग्णाला न तपासता औषधाचा डोस सांगणे योग्य नाही, तो मी सांगणार नाही. परंतु काही गोष्टी तातडीने लक्षात आणून देणे आवश्यक वाटते.

मामांची एआरटीची गोळी कृपा करून एक दिवसही बंद करू नका. आपण दिलेल्या क्रमावरूनच दिसते की जुलाब आधी सुरू झाले आणि गोळी नंतर. मग जुलाबांचा दोष गोळीकडे कसा जाईल? जुन्या काही औषधांनी, विशेषतः लोपिनाविर-रिटोनाविरने, जुलाब होत असत. आज बहुसंख्य रुग्णांना दिली जाणारी टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्रित गोळी त्या मानाने पोटाला बरीच सौम्य आहे. वडीलधाऱ्या मंडळींना समजावताना हे आवर्जून सांगा की यांतील काही परजीवींवर प्रतिकारशक्ती परत येणे हाच खरा उपचार आहे. क्रिप्टोस्पोरिडियमचे उदाहरण घ्या. त्यावर नायटाझोक्सानाइड नावाचे औषध आहे. झांबियातील मुलांवर झालेला त्याचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात एचआयव्ही नसलेल्या मुलांना फायदा झाला, एचआयव्हीबाधित मुलांना मात्र झाला नाही. याउलट एआरटी नियमित घेतली आणि सीडी-फोर १०० च्या वर सरकले की हेच जुलाब बहुतेकांत ओसरतात. गोळी बंद करणे म्हणजे जे एकमेव औषध मुळावर काम करते तेच काढून घेणे होय.

आता सेप्ट्रान. आपल्या पत्रातील मला सर्वांत काळजीची वाटलेली ओळ ती आहे. ही गोळी दुय्यम नाही. को-ट्रायमॉक्साझोल हे तिचे औषधी नाव. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया आणि मेंदूतील टॉक्सोप्लाझ्मा यांपासून ती रुग्णाला वाचवते, म्हणूनच आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सीडी-फोर ३५० च्या खाली असलेल्या प्रत्येकाला ती दिली जाते. शिवाय सिस्टोआयसोस्पोरा आणि सायक्लोस्पोरा या दोन्ही परजीवींवर हेच पहिल्या पसंतीचे औषध आहे. भारतातील एचआयव्हीबाधितांच्या जुलाबांत क्रिप्टोस्पोरिडियमबरोबर सिस्टोआयसोस्पोरा नेहमी आढळतो, त्यामुळे मामांच्या आजाराचे औषध कदाचित घरातील कपाटातच पडून असेल. मळमळ होत असेल तर ती जेवणानंतर घेता येते, आणि त्याने भागले नाही तर केंद्रात सांगावे. अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले किंवा डोळे लाल झाले तर मात्र ती थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण सल्फाची ॲलर्जी एचआयव्हीबाधितांत इतरांपेक्षा अधिक आढळते.

परजीवींचा शोध घेताना आतड्याचा क्षयरोग विसरू नये. आपल्या भागात एवढे वजन घटलेल्या रुग्णात त्याची शंका घ्यावीच लागते. पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे आणि खोकला असल्यास थुंकीची तपासणी करून घ्या. सीडी-फोर १०० च्या खाली असल्याने क्रिप्टोकॉकस या बुरशीसाठी रक्ताची तपासणीही झालेली असावी, नसल्यास विचारा. रक्तातील क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) आणि पोटॅशियम तपासणे तितकेच महत्त्वाचे आहे, कारण जुलाबांनी शरीर कोरडे पडले असताना टेनोफोविरचा मूत्रपिंडावर भार येऊ शकतो.

एक बारीक पण उपयोगी गोष्ट: जुलाबात दिली जाणारी झिंकची गोळी, ॲसिडिटीची पांढरी औषधे, लोह आणि कॅल्शियम ही सर्व डोल्युटेग्राविरचे शोषण अडवतात. एआरटीची गोळी यांच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लोह किंवा कॅल्शियम भरल्या पोटी घेत असल्यास दोन्ही एकत्र चालतात, परंतु ॲसिडिटीच्या औषधाला ही सवलत नाही.

ओआरएस प्रत्येक शौचानंतर चालू ठेवा. लघवी कमी झाली, उभे राहताना चक्कर आली, उलट्या थांबेनात, ताप आला किंवा रक्त पडले तर घरी न थांबता दाखल करावे. आहारात पेज, मुगाचे वरण, अंडे, केळे द्या. रसांकुर झडल्यामुळे दूध पचत नसेल तर ते काही आठवडे बंद ठेवून ताजे ताक द्यावे.

---

निवृत्त आरोग्यसेवक यांचा प्रतिसाद

पाण्याबाबत मी लिहितो, कारण माझी सारी नोकरी त्याच कामात झाली.

ग्रामपंचायतीचे पाणी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून शुद्ध केलेले असते आणि नळाच्या टोकाला ओटी चाचणी करून त्यात क्लोरीन उरले आहे की नाही हे पाहिले जाते. पटकी, विषमज्वर, कावीळ यांसाठी ही व्यवस्था अत्यंत मोलाची आहे आणि तिच्यात ढिलाई होऊ नये. परंतु क्रिप्टोस्पोरिडियमच्या पुटीचे कवच इतके चिवट असते की पिण्याच्या पाण्यात ठेवता येईल एवढ्या क्लोरीनने ती मरत नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ साली शहराच्या शुद्धीकरण केंद्रातून आलेले पाणी पिऊन सुमारे ४ लाख लोक आजारी पडले, ते याच परजीवीने. जे दगावले त्यांतील बहुसंख्य एड्सचे रुग्ण होते, आणि प्रभावी एआरटी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. त्यामुळे ‘ओटी चाचणी बरोबर आली’ या आधारावर मामांना नळाचे पाणी तसेच देऊ नका.

उपाय साधा आहे: पाणी खळखळून उकळू द्यावे, उकळी आल्यावर एक मिनिट तसेच ठेवावे, झाकून निववावे आणि वेगळ्या स्वच्छ भांड्यात साठवावे. भांड्यात हात बुडू नये म्हणून ओगराळे किंवा तोटी वापरावी. तुरटी फिरवून किंवा फडक्याने गाळून पाणी स्वच्छ दिसते, पण पुटी त्यातून जातात. घरी चांगल्या स्थितीतील आरओ यंत्र असेल आणि त्याचे फिल्टर वेळेवर बदलले जात असतील तर तेही चालते. देखभाल नसेल तर उकळणेच बरे. उकळलेले पाणी केवळ पिण्यासाठीच नव्हे, तर दात घासण्यासाठी, ताक करण्यासाठी आणि ओआरएस कालवण्यासाठीही वापरावे. बाहेरचा बर्फ, उसाचा रस आणि कच्ची कोथिंबीर-मेथी सध्या टाळावी.

गोठ्याबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो. क्रिप्टोस्पोरिडियमची एक जात वासरांत फार आढळते, विशेषतः जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, आणि हगवण लागलेल्या वासराच्या शेणात पुटी असंख्य असतात. सीडी-फोर वाढेपर्यंत वासरांचे काम आणि शेण काढणे मामांनी दुसऱ्या कोणाकडे सोपवावे. धारोष्ण दूध कोणीच पिऊ नये. जनावरे विकण्याची गरज मुळीच नाही.

मुलांसाठी: शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे. बाटलीतील सॅनिटायझरवर विसंबू नका, अल्कोहोलने या पुटी मरत नाहीत. एचआयव्ही मात्र एकच शौचालय, एकच ताट किंवा शेजारी झोपणे यांतून पसरत नाही, आणि मुलांना मामांपासून दूर ठेवण्याचे काहीही कारण नाही, हे मामींना निःशंकपणे सांगा.

---

सहप्रवासी यांचा प्रतिसाद

मी स्वतः एचआयव्हीसह जगतो. मलाही हाच त्रास झाला होता आणि माझ्या तपासणीत सिस्टोआयसोस्पोरा सापडला होता. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांतच इतका फरक पडला की मी औषध पूर्ण न करता सोडले, आणि जुलाब परत आले. हैतीमध्ये १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले होते, असे मला नंतर माझ्या डॉक्टरांनी सांगितले: उपचारानंतर ज्यांना प्रतिबंधक औषध न देता नुसत्या औषधहीन गोळ्या दिल्या होत्या, त्यांतील निम्म्यांचा आजार दोनएक महिन्यांत उलटला. मामांना माझ्या वतीने सांगा की बरे वाटणे ही औषध थांबवण्याची खूण नव्हे.

आणि मामींकडेही लक्ष द्या. त्यांची स्वतःची एचआयव्ही तपासणी झाली आहे का? हा प्रश्न अवघड आहे, पण तो समुपदेशकांसमोर शांतपणे विचारता येतो. कोठे माहिती हवी असेल तर १०९७ हा निःशुल्क क्रमांक आहे. उपचार नाकारणे किंवा संमतीशिवाय कोणाची स्थिती इतरांना सांगणे हे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यान्वये निषिद्ध आहे, आणि हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. लॅबमध्ये किंवा दवाखान्यात कोणी मोठ्याने बोलू लागले तर त्याची आठवण करून देण्यास कचरू नका.

---

वारणाकाठची यांचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मामी आणि मी चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो आणि तीन नमुने दिले. दुसऱ्या नमुन्यात सिस्टोआयसोस्पोरा सापडला. पहिल्यात काहीच नव्हते. डॉक्टरांनी सेप्ट्रान उपचाराच्या मात्रेत, जेवणानंतर घ्यायला सांगितले आहे. मळमळ थोडी होते, पुरळ नाही. शौचाच्या वेळा आता दोन-तीनवर आल्या आहेत आणि काल त्यांनी स्वतःहून भाकरी मागितली. सोनोग्राफीत विशेष काही निघाले नाही, क्रिएटिनिन किंचित वाढलेले आहे. मामींची तपासणी केली, त्यांना संसर्ग नाही.

दोन शंका आहेत. उपचाराची मात्रा संपल्यावर सेप्ट्रान किती काळ घ्यावी लागेल? आणि हा परजीवी वासरांतून आला असेल का, कारण मामा त्याचा दोष सारखा स्वतःच्या गोठ्याला देत आहेत.

---

शुश्रूषा यांचा प्रतिसाद

ताई, वाचून फार बरे वाटले. गोठ्याचा येथे काही संबंध नाही. सिस्टोआयसोस्पोरा बेली हा केवळ माणसाचाच परजीवी आहे, जनावरांत तो राहत नाही. तो मानवी विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून किंवा अन्नातून येतो. ताज्या शौचातील पुटी लगेच संसर्गक्षमही नसते. तिला बाहेर पिकायला साधारण एक-दोन दिवस किंवा अधिक काळ लागतो, त्यामुळे शौचालय रोज स्वच्छ धुतले जात असेल तर मुलांना थेट मामांकडून धोका कमी आहे. वासरांविषयी वर दिलेला सल्ला क्रिप्टोस्पोरिडियमसाठी आहे आणि सीडी-फोर वाढेपर्यंत तो तरीही पाळावा, कारण एक परजीवी असताना दुसरा होऊ शकतो.

उपचाराचा टप्पा पूर्ण झाल्यावर सेप्ट्रान बंद होत नाही, ती कमी मात्रेत रोज एक याप्रमाणे चालू राहते. राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार सहा महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांत सीडी-फोर ३५० किंवा त्याहून अधिक आले आणि प्रकृती स्थिर असली, तरच ती थांबवण्याचा विचार होतो. ६२ वरून तेथवर पोहोचायला वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ लागतो, तेव्हा एवढ्यात थांबवण्याची घाई नको. क्रिएटिनिन येत्या आठवड्यात पुन्हा तपासा आणि तेव्हा पोटॅशियमही पाहा, कारण सेप्ट्रानच्या मोठ्या मात्रेने ते वाढू शकते. तोवर अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामके मामांना देऊ नका. ती मूत्रपिंडाला झेपणार नाहीत. उपचार संपल्यानंतर शौचाचा नमुना मॉडिफाइड झेडएनसाठी एकदा पुन्हा द्यावा, आणि मधल्या काळात जुलाब परतले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता केंद्रात यावे.